बेल एकदाच वाजवावी

त्यांच्या दारावरची पाटी आता माझ्याकडे आहे. साध्या पत्र्याची, पांढऱ्यावर काळी अक्षरं, रंगाऱ्याकडून न करवता स्वतः पट्टी धरून काढलेली. "बेल एकदाच वाजवावी. ऐकू येते." अमरावतीला बहिणीकडे कायमचे राहायला गेले त्या दिवशी सकाळी त्यांनी ती उतरवून माझ्या हातात दिली. "लावू नका," म्हणाले, "पण टाकूही नका." मी ती स्क्रूंसकट कपाटात ठेवली आहे.

आमच्या बिबवेवाडीच्या सोसायटीत पाट्यांना तोटा नाही. चपलांची पाटी आहे, लिफ्टची आहे, पाणी जपून वापरण्याची आहे. त्यांतली एकही कोणी पाळत नाही. त्यांची मात्र सगळे पाळत. एकदा एका कुरिअरवाल्यानं बेल दोनदा वाजवली, तेव्हा ते दार उघडून त्याला शांतपणे म्हणाले होते, "घरात मी एकटा आहे. पहिली माझ्यासाठी. दुसरी कोणासाठी?" तो बिचारा पाकीट देऊन जिन्यानंच पळाला. ही गोष्ट सोसायटीभर झाली, आणि त्यानंतर दूधवाल्यापासून चेअरमनपर्यंत सगळे एकदाच बेल वाजवून हात मागे बांधून उभे राहू लागले.

पहिल्या भेटीत मी त्यांना काका म्हणालो.

"तुमच्या वडिलांना भाऊ किती?" त्यांनी विचारलं.

"दोन."

"दोघंही माहितीतले आहेत?"

"आहेत."

"मग तिसरा शोधत इकडे कशाला आलात?"

त्यानंतर मी त्यांना कुठल्याच नात्यानं हाक मारली नाही. इतक्या वर्षांच्या ओळखीत नुसतं "अहो".

गेलो होतो कॉम्प्युटरसाठी. माझं यंत्र जुनं, पण चालू. त्यावर विकतच्या सिस्टिमची नवी आवृत्ती चालेना, आणि एका आवृत्तीपायी धडधाकट यंत्र भंगारात घालणं मला पटेना. ऑफिसातल्या एका तरुण सहकाऱ्यानं त्यावर लिनक्स घालून दिलं. फुकट, आणि आतली रचना कोणालाही उघडून बघता येईल असं. सगळं नीट चालू झालं, फक्त आवाज येईना. सोसायटीच्या सभा तेव्हा कॉम्प्युटरवर होत. मी खजिनदार. पडद्यावर माणसं माझ्याकडे बघून तोंडं हलवत होती आणि मी अंदाजानं मान डोलवत होतो. कशाकशाला संमती दिली देव जाणे. शेवटी सेक्रेटरी म्हणाले, "बी विंगमध्ये ते एकटे राहतात ना, त्यांच्याकडे जा. त्यांना या लिनक्सचं वेड आहे. पण बेल..."

"एकदाच. माहीत आहे."

दार उघडलं. उंच, वाळलेले गृहस्थ, अर्ध्या बाह्यांचा इस्त्रीचा शर्ट.

"आवाज येत नाही," मी म्हणालो.

"कोणाचा?"

"कॉम्प्युटरचा."

"मग बरं चाललंय की. तक्रार काय?"

पण आले. आमच्याकडे येऊन माझ्या मागच्या खुर्चीवर बसले आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले. दुसऱ्याच्या कळफलकाला ते कधीही हात लावत नसत. "यंत्र तुमचं, बोटं तुमची," म्हणायचे. त्यांनी मला एक काळा पडदा उघडायला लावला. त्यावर आवाजाचे उभे खांब. मुख्य आवाजाचा एक, हेडफोनचा एक, स्पीकरचा एक, असे सात-आठ. मी एकेक खांब शंभरापर्यंत चढवत सुटलो.

"थांबा. खडकवासल्याला पाणी आहे का?"

"आं?"

"धरणात पाणी आहे. पर्वतीला आलं. सोसायटीच्या टाकीतही आलं. तुमच्या स्वयंपाकघरात येत नाही. का?"

"कुठेतरी कॉक बंद असेल."

"मग नळ कशाला पिळताय? कॉक शोधा. धरणापासून निघायचं, नळाखालच्या बादलीपर्यंत यायचं. मधलं एकही सोडायचं नाही."

मग आम्ही निघालो. गाणं वाजवणाऱ्या प्रोग्रॅमचा स्वतःचा आवाज बघितला, तो ठीक. सिस्टिमचा बघितला, ठीक. मग ते खांब. स्पीकरच्या खांबाखाली एम एम अशी दोन अक्षरं होती. ती म्हणजे कॉक बंद असल्याची खूण. एक कळ दाबल्यावर तिथे दोन शून्यं आली, आणि बाकीचे सगळे खांब मी आधीच शंभरावर नेलेले असल्यामुळे असा काही आवाज फुटला की आमची ही हातातल्या झाऱ्यासकट बाहेर आली. "अहो, बंद करा ते! दूध फाटेल!"

ते जागचे हलले नाहीत. "आता खाली या," म्हणाले. त्यांच्या कॉम्प्युटरमधल्या आवाजाच्या कार्डावर चौऱ्याहत्तर टक्क्यांपाशी एक खूण होती. तिथवर आवाज जसा आहे तसा येतो, त्यापुढे यंत्र तो फुगवतं. "फुगवलेला आवाज मोठा असतो, खरा नसतो. तुमच्या कार्डाची खूण वेगळी असेल. शोधा आणि तिच्यापुढे जाऊ नका." माझी एकोणसत्तरवर निघाली. आजही मी तिच्यापुढे जात नाही.

पिंपरीच्या एका कारखान्यात ते मोजमाप विभागात होते. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. मूळचे अमरावतीचे. पुणेरीपणा त्यांनी इथे येऊन शिकून घेतला होता, आणि शिकून घेतलेली गोष्ट माणूस जन्मानं मिळालेल्या गोष्टीपेक्षा कडक पाळतो. घरचा फोन त्यांनी काढून टाकला होता, कारण त्यावर फक्त कर्ज द्यायला उत्सुक असलेले लोक बोलत. मोबाइल होता, तो बँकेचा आकडा यायचा असेल तेव्हाच कपाटातून निघे. चहाला मला कधी "घेणार का" विचारलं नाही. पुढ्यात ठेवत आणि म्हणत, "नको असेल तर तसं सांगा, मी दोन्ही पिईन."

दर गुरुवारी कसबा पेठेतून त्यांचे एक मित्र येत. त्याच कारखान्यातले, पण यंत्रांवर काम केलेले. बुटके, गोल, बोलके. आल्याआल्या म्हणायचे, "काय, तोंड उघडलं का आज कोणाशी?" आणि हे म्हणायचे, "तुम्ही येईपर्यंत गरज पडली नव्हती." मग दोघं आतल्या खोलीत कॉम्प्युटरसमोर बसून ऐकायचे. काय ऐकायचे ते मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी थक्क झालो. नोकरीत असताना यांनी कारखान्यातल्या यंत्रांचे आवाज कॅसेटवर भरून ठेवले होते. प्रेस, लेथ, ग्राइंडर, जेवणाच्या सुट्टीचा भोंगा. त्या कॅसेट त्यांनी कॉम्प्युटरवर उतरवल्या होत्या.

"तीन नंबरचा प्रेस," हे म्हणायचे.

"चार. चारचा दणका जड होता."

"तीन. बेअरिंग जाण्याच्या आदल्या आठवड्यातला."

"अहो, त्याच्यासमोर मी उभा राहिलोय. तुम्ही लांबून टेप धरून उभे."

असं संध्याकाळभर. कारखाना केव्हाच बंद झाला, तिथे आता उंच इमारती आहेत. हिला सांगितलं तर म्हणाली, "दोन म्हातारे बसून भोंगा ऐकतात?" ऐकत खरे, चौऱ्याहत्तर टक्क्यांवर. त्यांचं म्हणणं, तेवढ्यावर यंत्र कारखान्याच्या शॉपमध्ये जसं ऐकू यायचं तसंच येतं.

त्यांच्याशी बोलणारी दुसरी व्यक्ती म्हणजे अमरावतीची बहीण. रविवारी सकाळी ती कॉम्प्युटरवर बोलायची. तेवढ्या वेळापुरता हा माणूस बदलत असे. "काय म्हणतं बाई? पोरगं कसं हाय?" असं ते बोलत, आणि मी समोर असलो तर जरा ओशाळून खिडकीबाहेर बघत. ती पलीकडून म्हणे, "दादा, येऊन जाय नं इकडे. कायले एकटा राहून राहिला तिथं?" त्यावर उत्तर ठरलेलं, "गुरुवारी माणूस येते माझ्याकडे."

मग माझी सोलापूरला बदली झाली. शनिवारी रात्री यायचो, सोमवारी पहाटे जायचो. एकदोन रविवारी संध्याकाळी त्यांच्याकडे गेलो, बेल वाजवली, थांबलो, दार उघडलं नाही म्हणून परतलो. बाहेर गेले असतील. पाटीपुढे दुसऱ्यांदा बोट उचलत नव्हतं.

एका रविवारी सकाळी आमची बेल वाजली, एकदाच. दारात ते. बोलावल्याशिवाय ते कोणाकडे जात नसत, आणि स्वतःच्या कामासाठी तर कधीच नाही.

"कार्ड बिघडलंय," म्हणाले. "वेळ आहे?"

जिना उतरताना म्हणाले, "प्रत्येक अपडेटला आवाज कमी करतायत. कोणाला कळत नाही." आणि पुढे, "लोकांच्या यंत्रांचे आवाज मात्र सुधारलेले दिसतात. मदत मागायला कोणी येत नाही आता."

"आणि गुरुवारचे?"

"त्यांनीही सोडलं. पायानं थकले असतील. तसं सांगायला काय हरकत होती?"

आतल्या खोलीत पडद्यावर बहीण थांबलेली होती. मला बघितल्यावर तिनं त्यांच्याशी बोलायचंच सोडलं. "भाऊ, तुम्ही तरी सांगा," ती मला म्हणाली. "मी कवाची ओरडून राहिली. मी म्हणते पोराचं लग्न ठरलं, तर हा म्हणते खांब बघतो, थांब. दर रविवारी कार्ड, कार्ड, कार्ड. माझा गळा बसून राहिला, भाऊ. याले आता माझ्याशी बोलायचं नसन तर मी फोन करनं सोडून देते."

तिचा आवाज खोलीच्या भिंतींना लागत होता. मी दोन पावलं मागे सरलो. ते कान पुढे करून बसले होते. "काय म्हणते?" त्यांनी मला विचारलं. "तुटक येतोय ना?"

"मी पुढच्या रविवारी सांगतो," मी तिला म्हणालो. "तेवढ्या एका रविवारी फोन करा." तिनं फोन बंद केला.

मी त्यांच्या मागच्या खुर्चीवर बसलो आणि हात मांडीवर ठेवले. यंत्र त्यांचं, बोटं त्यांची.

"खडकवासल्यापासून," मी म्हणालो.

त्यांनी एकदा वळून बघितलं आणि सुरुवात केली. बोलायच्या प्रोग्रॅमचा आवाज शंभर. काळ्या पडद्यावरचे सगळे खांब शंभर, एम एम कुठेच नाही. स्पीकरचं बटण शेवटपर्यंत फिरवलेलं. मग सिस्टिमचा आकडा. मी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचला. एकशे त्रेपन्न टक्के. त्याच्यापुढे ती सिस्टिम जाऊच देत नाही.

"खूण कितीवर आहे?" मी विचारलं.

"चौऱ्याहत्तर." आणि लगेच, "मला माहीत आहे तुम्हाला काय वाटतंय. ते मी आधीच तपासलंय. ऐका." त्यांनी आकडा स्वतः चौऱ्याहत्तरवर आणला आणि प्रेस लावला. धप्, धप्, धप्. "तीन नंबर. प्रत्येक ठोका स्पष्ट. म्हणजे कानात दोष नाही. दोष तिकडून येणाऱ्या आवाजात आहे."

तर्क बिनचूक होता. मला त्यात चूक काढता येईना. पण मी नुकताच त्यांच्या बहिणीचा आवाज ऐकला होता, आणि त्या आवाजात काही दोष नव्हता.

"अहो," मी म्हणालो, जवळ जाऊन, तोंड त्यांच्यासमोर धरून. "धरण झालं, टाकी झाली, कॉक झाले, नळ झाला. बादली राहिली."

प्रेस चालूच होता. मग त्यांनी तो बंद केला.

"बादली तपासायचं साधन इथे नाही." आणि जरा वेळानं, "आहे. बाहेर जा. दार लावून घ्या. बेल वाजवा. मी इथेच बसतो."

"किती वेळा?"

"पाटीवर लिहिलंय."

मी बाहेर आलो आणि दार ओढून घेतलं. त्यांची बेल चिमणीच्या आवाजाची होती, पुष्कळ घरांत असते तशी. दाबली. आत चिमणी चिवचिवली, मला दाराबाहेर स्वच्छ ऐकू आलं. मी पाटीसमोर उभा राहिलो. समोरच्या फ्लॅटमध्ये कुकरची शिट्टी झाली. खालून कोणीतरी लिफ्ट बोलावली, ती आली आणि गेली. पुन्हा बेल दाबावीशी फार वाटत होतं, पण तसं केलं असतं तर मोजमाप बिघडलं असतं. ते त्यांनी माझ्यावर सोपवलं होतं.

खूप वेळानं दार उघडलं. चेहऱ्यावर नेहमीची नाराजी.

"वाजवा ना. कशाची वाट बघताय?"

मी ती केव्हाच वाजवली होती. मान हलवली असेन.

ते माझ्याकडे बघत राहिले, मग पाटीकडे. त्यांच्या स्वतःच्या अक्षरातली दुसरी ओळ त्यांनी वाचली. मला दिसत होतं, ते हिशेब करत होते. वर्षभराचे गुरुवार.

"म्हणजे ते येत होते," ते म्हणाले.

"येत असतील. मीही आलो होतो."

"आणि एकदाच वाजवून जात होते."

"सगळेच."

"शहाणे लोक," ते म्हणाले. आवाज नेहमीसारखाच कोरडा होता, पण दाराच्या चौकटीवरचा हात त्यांनी काढला नाही.

मी रजा टाकली आणि त्यांना कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेलो. बाईंनी आलेख काढून दाखवला. बारीक, उंच आवाज आधी जातात, म्हणाल्या. बायकांचे, पाखरांचे, बेलचे. जड आवाज शेवटपर्यंत राहतात. यांनी तो कागद हातात घेऊन उतार नीट बघितला. "म्हणजे प्रेस राहिला," म्हणाले. तपासणी त्यांना आवडली असं मला वाटलं. कोणीतरी पहिल्यापासून शेवटपर्यंत, मधलं न सोडता, मोजलं होतं. कानाला यंत्र बसवलं. त्याचा आवाज बाईंनी वाढवायला घेतला तसे हे म्हणाले, "त्याची खूण कितीवर आहे ते आधी सांगा."

रविवारी बहिणीचा फोन आला. मी मागे बसलो होतो. बोलणं झालं, लग्नाचं सगळं झालं, मुलीकडची माणसं, कार्यालय. शेवटी ती म्हणाली, "दादा, आज कार्ड नाही काढलं तू."

"ठीक हाय आता कार्ड," ते म्हणाले.

"मंग काय झालतं त्याले?"

"बादली गळत होती."

तिला कळलं नाही. "येऊन जाय नं इकडे," तिनं सवयीनं म्हटलं. त्यावरचं ठरलेलं उत्तर त्यांनी दिलं नाही.

त्यानंतरच्या गुरुवारी ते म्हणाले, "कसब्यात जायचंय. येता?" मी अजून रजेवर होतो. मंडईपर्यंत रिक्षा, पुढे चालत. तांब्याची भांडी ठोकणाऱ्या तांबटांच्या दुकानांशी आले तसे ते थांबले आणि कानातल्या यंत्राला हात लावला. "फार आहे हो हे," म्हणाले, "लोक हे रोज ऐकतात?" वाटेत त्यांनी पेरू घेतले, चांगले बघून, स्वतः निवडून. काय बोलायचं ते ठरवून आले होते, कारण मधेच मला म्हणाले, "सुरुवात पाटीपासून करतो. हसतील ते."

मित्राची खोली एका जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर. दाराला कुलूप होतं. शेजारच्या बाई लसूण सोलत दारात बसल्या होत्या.

"ते नाहीत. मुलीकडे गेले, नाशिकला. कायमचेच. सामानही गेलं. दिवाळीच्या आधीच."

"पत्ता?" मी विचारलं.

"नाही बाई ठाऊक. मालकांना विचारा, तेही इथे नसतात." त्यांनी यांच्याकडे नीट बघितलं. "तुम्ही बिबवेवाडीचे का? जायच्या आदल्या दिवशी तुमच्याकडे म्हणूनच गेले होते ते. पेढे घेऊन. तसेच परत आणले. म्हणाले, घरी नाहीत. पेढे मग आम्हीच खाल्ले."

त्या आत गेल्या. मला वाटलं आता निघतील. ते दारासमोर उभे होते, हातात पेरूंची पिशवी. कुलपाच्या वर बेलचं बटण होतं, पांढरं, मधे बोटांनी पिवळं पडलेलं. त्यांनी ते दाबलं.

बेल वाजली. रिकाम्या खोलीत वाजल्यामुळे जरा जास्तच घुमली. ते हात मागे बांधून थांबले, आमच्या सोसायटीत लोक त्यांच्या दाराशी थांबत तसे. मग त्यांनी हात सोडला आणि पुन्हा एकदा दाबली.

"येतेय," ते म्हणाले. "स्वच्छ येतेय ऐकू."